दीड पेनीचं तिकीट : व्हिक्टोरियन काळातली पेटंट औषधं आणि त्यांची आश्वासनं

सहाणखोड :

मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं इंग्लंडात लँकेशायरमध्ये औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणारे एक आजोबा आहेत. मागच्या आठवड्यात त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक डबी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांच्या आजीची. लाकडाची, कातीव, गोल, आपल्या कुंकवाच्या करंड्याएवढी. झाकणावरचा कागद तपकिरी पडलाय, तरी 'बीचम्स पिल्स' आणि 'सेंट हेलन्स' ही अक्षरं लागतात. झाकण जिथं डबीवर बसतं तिथं दुसऱ्याच एका कागदाची फाटकी कड चिकटून राहिली आहे. आधी वाटलं लेबलाचाच तुकडा असेल. भिंग घेऊन बघितलं तर बारीक सरकारी नक्षी. ते कराचं तिकीट होतं. डबी उघडायची तर आधी तेच फाडायला लागायचं.

तो तुकडा काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ब्रिटनमध्ये १७८३ पासून तयार औषधांवर तिकीट-कर होता. १८१२ च्या कायद्यानं दर पक्के झाले : एक शिलिंगापर्यंतच्या (शिलिंग म्हणजे १२ पेन्स) औषधाला दीड पेनी, त्यावरच्याला अडीच शिलिंगांपर्यंत तीन पेन्स. म्हणून त्या काळातल्या जाहिरातींत किंमत नेहमी १ शिलिंग दीड पेनी किंवा २ शिलिंग ९ पेन्स अशी विचित्र दिसते. आणि 'पेटंट औषध' म्हणायचे तरी बहुतेकांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते उघड करायला लागतं, आणि धंदा सगळा गुपितावर. तेव्हा पेटंट नाही, पण बाटलीच्या तोंडावर सरकारी तिकीट मात्र आहे. वाचता न येणाऱ्या माणसाला त्यातून एकच गोष्ट कळायची : राणीच्या सरकारनं हे तपासलंय. कारखानदारांनी तो समज मुद्दाम वाढवला. आमच्या नावाचं सरकारी तिकीट बघूनच घ्या, नसेल तर माल नकली, असं ते जाहिरातीत छापायचे.

आता डबीत काय होतं ते सांगते. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं बाजारातली गुप्त औषधं प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष पुस्तकरूपानं छापले. बीचमच्या गोळीत निघालं काळाबोळ, सुंठ आणि साबणाची पूड. बस. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, जुलाबाचा जालीम उपाय. सुंठ पोटातला मुरडा कमी करायला, साबण गोळी बांधायला. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत त्यांनी काढली साधारण अर्धा फार्दिंग. चार फार्दिंगांची एक पेनी. म्हणजे १ शिलिंग दीड पेनीच्या या डबीला गिऱ्हाइकानं दिले ५४ फार्दिंग, आतला माल अर्ध्याचा, आणि त्यात सरकारचा कर सहा फार्दिंग. मालाच्या बारापट तर नुसता कर! आणि जाहिरात काय? 'एक गिनी मोलाची डबी'. गिनी म्हणजे २१ शिलिंग.

थॉमस बीचम लहानपणी ऑक्सफर्डशायरमध्ये मेंढरं राखायचा. १८४७ च्या सुमारास विगनला आला, बाजारात उभा राहून गोळ्या विकायला लागला, मग सेंट हेलन्सला गेला. तिथली घड्याळाच्या मनोऱ्याची कारखान्याची इमारत अजून आहे, पुढे ती कॉलेजकडे गेली. मी कितीदा तरी तिथून गेलेय. त्याच्या जाहिरातीतली यादी वाचली की गलबलून येतं. पित्त, पोटातला वारा, डोकेदुखी, चक्कर, जेवणानंतरची फुगी, थंडी भरणं, अंगाची आग, भूक मरणं, धाप, मलावरोध, अंगावरचे डाग, झोपमोड, भयानक स्वप्नं आणि अंगाचा थरकाप. पहिल्या मात्रेनं वीस मिनिटांत आराम. मला ही यादी रोगांची वाटतच नाही. ही गिरणीत दिवसभर उभं राहून पाव-चहावर जगणाऱ्या माणसाच्या दिवसाची यादी आहे. ज्यानं ती लिहिली त्याला आपलं गिऱ्हाईक नीट माहीत होतं, आणि उपाय म्हणून त्यानं त्या माणसाला जुलाब विकला.

कॉलेजात आम्हाला जुन्या पद्धतीनं गोळ्या करायला लावल्या होत्या. पूड मळून लगदा करायचा, पाटीवर लाटून त्याची सारखी वळी करायची, ती खाचांच्या पितळी पट्टीवर ठेवून वरून दुसरी पट्टी ओढली की तुकडे पडतात, मग प्रत्येक तुकडा वळायचा. वीस गोळ्यांत मनगट भरून आलं होतं. पण गोळी वळताना सरांनी पहिली गोष्ट शिकवली होती : डबीवर आत काय आहे ते लिहा, नाहीतर ती फेकून द्या.

तुमच्याकडे या विषयातलं काही असेल तर लिहा. मला विशेषतः टॉनिकं आणि लहान मुलांची औषधं यांबद्दल वाचायचंय.

मावळतीची_ऊन्हं :

काळाबोळ वाचून दचकलेच. आमच्या आजीच्या फडताळात काळाबोळाचा खडा असायचा. मुका मार लागला की उगाळून लेप. पण पोटुशी बाईच्या हाताला लागू द्यायची नाही ती. 'तो पाळी आणतो' म्हणायची. मग बीचमच्या गोळ्या बायका कशासाठी घेत असतील?

सहाणखोड :

मावळतीची_ऊन्हं, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. त्याच जाहिरातीत पुढे बायकांसाठी वेगळी ओळ असायची, शरीरातला 'अडथळा' आणि 'अनियमितता' दूर करतात म्हणून. वाचणारीला अर्थ बरोबर कळायचा. आठवं-नववं मूल नको असलेल्या कितीतरी बायकांनी मूठमूठ गोळ्या घेतल्या. काळाबोळानं आतडी पिळवटून निघतात, गर्भ पडेलच असं नाही. या गोष्टी बायका एकमेकींत कुजबुजत बोलायच्या, कागदावर फार थोड्या आल्या. आजोबांनी डबी दिली तेव्हा मी हे त्यांना सांगितलं नाही. आजीची डबी आहे ती.

आठवा_परिच्छेद :

मी लॉ कॉलेजात करार कायदा शिकवतो. आमच्याकडे पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थी ज्या खटल्यापाशी पोचतो तो याच धंद्यातला आहे, पण आम्ही तो असा शिकवतो की त्यातलं औषध आणि आजारी बाई दोन्ही गायब होतात. म्हणून इथे जरा लांबण लावतो.

१८८९-९० पासून युरोपात इन्फ्लुएंझाची मोठी साथ होती, तिच्या लाटा पुढची दोन-तीन वर्षं येत राहिल्या. लंडनमध्ये 'कार्बोलिक स्मोक बॉल' नावाची वस्तू निघाली. रबराचा चेंडू, आत कार्बोलिक ॲसिडची भुकटी, वर नळी. नळी नाकात धरायची आणि चेंडू दाबायचा. नाकातोंडातून पाणी यायचं, आणि त्याबरोबर रोग वाहून जातो असा दावा. किंमत १० शिलिंग. १३ नोव्हेंबर १८९१ च्या पॉल मॉल गॅझेटमध्ये कंपनीनं जाहिरात दिली : सांगितल्याप्रमाणे रोज तीनदा असं दोन आठवडे चेंडू वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड बक्षीस. आणि आमचा शब्द खरा आहे हे दाखवायला अलायन्स बँकेत १००० पौंड ठेवलेत.

लुईसा कार्लिल नावाच्या बाईंनी २० नोव्हेंबरला चेंडू घेतला. त्यांनी तो दिवसातून तीनदा, न चुकता, जवळजवळ दोन महिने वापरला. वर्गात मी इथे थांबतो आणि मुलांना सांगतो, नुसती कल्पना करा. ऐन थंडीत रोज तीन वेळा एक बाई नाकात कार्बोलिकची भुकटी ओढतेय, कारण पेपरात छापलंय. १४ जानेवारी १८९२ ला राणीचा नातू प्रिन्स आल्बर्ट व्हिक्टर त्याच साथीत गेला. तीन दिवसांनी, १७ तारखेला, कार्लिलबाईंना इन्फ्लुएंझा झाला.

कंपनीनं पैसे द्यायचं नाकारलं. कोर्टात म्हणणं मांडलं की ती नुसती जाहिरातीची भाषा, कोणी शहाणा माणूस ती खरी धरत नाही. अपील कोर्टानं ७ डिसेंबर १८९२ ला निकाल दिला : बँकेत पैसे ठेवलेत असं सांगता म्हणजे तुम्ही गंभीर होतात. साऱ्या जगाला प्रस्ताव दिलात, बाईंनी अट पाळली, करार झाला, १०० पौंड द्या. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ८ शिकवताना आम्ही हाच खटला सांगतो. अट पाळणं हाच स्वीकार.

पण बघा, कोर्टानं चेंडूनं रोग बरा होतो का हा प्रश्न घेतलाच नाही, आणि घ्यायची गरजही नव्हती. कंपनीनं पुढे नवी जाहिरात काढली, बक्षीस २०० पौंड, फक्त अटी वाढवल्या. धंदा चालूच. माझ्या मते खोट्या औषधाविरुद्ध त्या काळच्या कायद्याकडे जे हत्यार होतं ते हे असं, बाजूनं लागणारं.

तापमापी :

मी डॉक्टर आहे. सहाणखोड यांच्या लेखनातली कळकळ पोचली, तरी एक बाजू मांडायला हवी. तेव्हाचे पदवीधर डॉक्टर काय देत होते? शतकाच्या पूर्वार्धात रक्त काढणं, जळवा लावणं, आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. दात गळेपर्यंत पारा. शिवाय डॉक्टरची फी मजुराच्या आठवड्याच्या मजुरीत मोठा खड्डा पाडणारी. सुंठ-काळाबोळाची गोळी त्या मानानं सौम्य होती. गरिबानं ती निवडली यात त्याची चूक कुठे?

काही औषधांत तर खरंच गुण होता. 'डॉ. विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल' घ्या. कॅनडातल्या जॉर्ज फुलफर्डनं १८९० मध्ये हक्क विकत घेतले ते जेमतेम ५३ डॉलरांत. आत मुख्यतः लोहाचा क्षार. फिकट पडलेल्या, धाप लागणाऱ्या मुलींना लोहानं फरक पडायचाच. फक्त तेच लोह 'ब्लॉडची गोळी' म्हणून १८३२ पासून वैद्यकात ठाऊक होतं आणि कुठल्याही केमिस्टकडे स्वस्तात मिळत होतं. आणि जाहिरात पंडुरोगावर थांबली असती तर मी गप्प बसलो असतो. ती अर्धांगवायूपर्यंत पोचली.

दुसरं क्लोरोडाइन. याचा जन्मच हिंदुस्थानातल्या कॉलऱ्यातून झाला. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन इथे ब्रिटिश लष्करात सर्जन होता, त्यानं हे मिश्रण केलं आणि १८५६ पासून लंडनमध्ये डॅव्हनपोर्ट नावाच्या केमिस्टकरवी विकायला काढलं. मॉर्फिन, क्लोरोफॉर्म, गांजाचा अर्क. मॉर्फिननं आतड्यांची हालचाल मंदावते, जुलाब थांबतात, कळ थांबते. रोग्याला वाटतं बरा झालो. पण कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं, ते भरून काढणारं या बाटलीत काहीच नव्हतं. हिंदुस्थानातल्या गोऱ्या लोकांच्या प्रवासी पेटीत ही बाटली हटकून असायची. १८६८ च्या फार्मसी कायद्यानं अफूच्या विक्रीवर बंधन घातलं, पण पेटंट औषधं त्यातून वगळली. तिकीट लावलं की सुटका. शेवटी १८९२ मध्ये डॅव्हनपोर्टवर खटला झाला, दंड ५ पौंड, आणि 'विष' हा शब्द बाटलीवर आला. इतक्या वर्षांत किती जणांना सवय लागली असेल!

सहाणखोड :

तापमापी, गरिबाची चूक मी कुठेच म्हटली नाही, आणि म्हणणारही नाही. माझा राग तिकिटावर आहे. सरकारला दर बाटलीमागे पैसे मिळत होते, म्हणून आत काय आहे हे विचारायची घाई कोणालाच नव्हती. पुढे तिकिटावरच छापलं की या तिकिटाचा अर्थ सरकारी हमी असा नाही. बारीक अक्षरांत. आणि कर घेणं चालूच.

चाळ_क्रमांक_चार :

लहान मुलांच्या औषधांबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. मी समाजकार्य शिकवते, गिरणगावातल्या बायकांवर काम केलंय.

इंग्लंडात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं औषध घरोघरी होतं. अफू, काकवी आणि सॅसाफ्रास नावाच्या झाडाचा वास. दर केमिस्ट आपापल्या मापानं करायचा, तेव्हा या दुकानातला चमचा आणि त्या दुकानातला चमचा यांत दुप्पट-तिप्पट फरक. शिवाय अफू तळाशी बसते. बाटली न हलवता वापरली तर शेवटचे चमचे सगळ्यांत कडक. नॉटिंगहॅमला लेस विणणाऱ्या बायका घरी तुकड्यावर मजुरी करायच्या. १८४० च्या दशकातल्या बालमजुरीच्या चौकशीपुढे मेरी कोल्टन नावाच्या विशीतल्या मुलीची साक्ष आहे. बाळ सांभाळायला कोणाला ठेवायला पैसे नव्हते, आणि लेसच्या कामात खंड पडून चालणार नव्हतं, म्हणून तिनं गॉडफ्रे द्यायला सुरुवात केली. एकेक-दोनदोन थेंब वाढवत चहाच्या चमच्यापर्यंत. चार महिन्यांचं झालं तेव्हा ते पोर वाळून गेलं होतं.

ही साक्ष मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले. कारण हेच मला परळ-लालबागच्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं होतं. 'बाळागोळी'. मोहरीएवढी, आत अफू. गिरणीच्या पाळीला जायच्या आधी दुधात उगाळून चाटवायची, बाळ भोंगा होईपर्यंत झोपतं. १९२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी गिरणीतल्या बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनीही लिहून ठेवलंय की कामगार बायकांच्या जवळजवळ सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. एका आजींनी मला हातवारे करून दाखवलं होतं : करंगळीच्या नखावर गोळी, वर दुधाचे दोन थेंब, बोटानं विरघळवायची. 'मुकादम काय पोराचं रडणं ऐकून घेतो व्हय?' हे त्यांचं वाक्य. नॉटिंगहॅमला काय आणि लालबागला काय, आईला त्या थेंबाशिवाय दुसरा आधारच ठेवला नव्हता.

त्याच नॉटिंगहॅममध्ये १८५१ ला विल्यम वुडवर्डनं ग्राइप वॉटर काढलं. शोपा, खाण्याचा सोडा, साखर, आणि थोडा अल्कोहोल. त्यात अफू नव्हती, आणि मला वाटतं त्या गावात तेव्हा एवढ्यानंसुद्धा पोरं वाचली असतील. आपण सगळे ते पिऊनच मोठे झालो.

खिळे_जुळारी :

वडिलांचा छापखाना होता, त्यामुळे माझं लक्ष जाहिरात छापणाऱ्याकडे. हर्बर्ट इन्ग्रॅम नॉटिंगहॅमला मुद्रक आणि पेपरविक्रेता होता. त्यानं 'पार्स लाइफ पिल्स' विकल्या. १५२ वर्षं जगल्याची आख्यायिका असलेल्या म्हाताऱ्या थॉमस पारच्या नावाच्या गोळ्या. त्या पैशाच्या बळावर १८४२ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' निघालं, जगातलं पहिलं सचित्र साप्ताहिक. गोळीच्या पैशानं पेपर उभा राहिला, तर गोळीविरुद्ध कोण लिहिणार? १९०९ चं ते मेडिकल असोसिएशनचं पुस्तक निघालं तेव्हा कित्येक वर्तमानपत्रांनी त्याची जाहिरातसुद्धा पैसे घेऊन छापायला नकार दिला.

आपल्याकडे उलटं, चांगलं उदाहरण आहे. १८९३ मध्ये मुंबईत नागेश्वरराव पंतुलूंनी अमृतांजन काढलं, आणि त्या कमाईतून १९०८ ला मुंबईतूनच 'आंध्रपत्रिका' सुरू केली. बामाचा पैसा स्वातंत्र्यलढ्याच्या कामी आला.

पेठेतला_पक्षी :

टॉनिकं राहिलीच की. मद्य न पिणारे लोक टॉनिक पीत होते असं कुठेतरी वाचलंय, खरं का?

सहाणखोड :

खरं आहे. 'विनकार्निस' नावाची नॉर्विचची वाइन, मांसाचा अर्क आणि माल्ट घातलेली. दावा असा की अशक्तपणा, निद्रानाश, मेंदूचा थकवा जातो. पॅरिसला अँजेलो मारियानी या कॉर्सिकन केमिस्टनं १८६३ ला बोर्डो वाइनमध्ये कोकाची पानं मुरवली, ज्यांपासून कोकेन निघतं ती. पोप तेरावे लिओ यांनी त्याला सुवर्णपदक दिलं, आणि मारियानीनं पोपच्या चित्राचं पोस्टर काढलं. अमेरिकेत लिडिया पिंकहॅमचं बायकांसाठीचं औषध : त्यात सुमारे १८ टक्के अल्कोहोल, आणि बाई स्वतः दारूबंदीच्या कट्टर पुरस्कर्त्या. एरवी थेंबाला न शिवणाऱ्या बायका ते चमच्यानं दिवसभर घेत. पहिला घोट पोटात गेला की ऊब येते, शीण उतरतो. टॉनिक लागू पडलं असं वाटणारच.

एगमची_टेकडी :

मी रॉयल हॉलोवेमध्ये एम.एस्सी. करतेय. आमच्या कॉलेजची ती लाल विटांची राजवाड्यासारखी इमारत, राणी व्हिक्टोरियानं १८८६ ला उद्घाटन केलेली, ती गोळ्यांच्या पैशातून उभी राहिली हे इथे आल्यावर कळलं. थॉमस हॉलोवे १८३७ पासून मलम आणि पुढे गोळ्या विकायचा, शेवटी वर्षाला ५०,००० पौंड नुसत्या जाहिरातीवर घालायचा. मुलींनी शिकावं म्हणून त्यानं हे कॉलेज काढलं. रोज त्या कमानीखालून जाताना मला त्याच्याबद्दल आदर वाटतो, आणि त्या गोळ्या घेणाऱ्यांबद्दल वाईटही वाटतं. दोन्ही एकदम.

सहाणखोड :

आज आजोबा परत आले होते, म्हणून शेवटचं लिहिते.

पार्लमेंटनं १९१२ मध्ये पेटंट औषधांवर समिती नेमली. दोन वर्षं साक्षी झाल्या, कडक शिफारशींचा अहवाल आला, आणि तो प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ ला. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. अहवाल बासनात गेला. तिकीट-कर रद्द होऊन बाटलीवर घटक लिहिणं सक्तीचं व्हायला १९४१ उजाडलं. आजोबांच्या आजीचं बहुतेक आयुष्य त्याआधी सरलं होतं.

मी त्यांना काळाबोळ, सुंठ, साबण एवढं सांगितलं. म्हणाले, आजी दर शनिवारी रात्री एक गोळी घ्यायची, आणि आम्हा नातवंडांना अर्धी. रविवारी चर्चला जायच्या आधी परसातल्या संडासापुढे भावंडांची रांग लागायची. सांगताना हसले. मग विचारलं, तिला त्यातून काही इजा झाली असेल का? दर आठवड्याला एकानं नाही, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

डबी त्यांना पातळ कागदात गुंडाळून परत दिली, तिकिटाची उरलेली कड उचकटू नये म्हणून.